स्टेपनी आणि एक ठराव

स्मरणिका समितीचा निरोप आला, ‘काका, तुम्ही दोनदा सेक्रेटरी होतात. सोसायटीच्या इतिहासावर काहीतरी लिहा.’ चौकशी केली तर कळलं, की पाण्याच्या टाकीचा इतिहास, लिफ्टचा इतिहास आणि गणेशोत्सवाचा इतिहास हे विषय आधीच वाटून झाले आहेत. माझ्या वाट्याला पार्किंग आलं. म्हटलं, ठीक आहे. ऑफिसातून जुनी मिनिट बुकं घरी आणली आणि चष्मा पुसून वाचायला बसलो.

वाचता वाचता गंमत लक्षात आली. पंचवीस वर्षांत आपल्या सभांमध्ये पाण्याच्या खालोखाल सर्वात जास्त चर्चा पार्किंगवर झाली आहे. आणि पार्किंगच्या चर्चेत जागेच्या भांडणांखालोखाल एक शब्द परत परत येतो, तो म्हणजे ‘स्टेपनी’. कुणाची स्टेपनी गेली, कुणाची सापडली, कुणी साखळी लावली, कुणी ‘सोसायटीने भरपाई द्यावी’ म्हणून अर्ज केला. आजच्या मुलांना हे नवल वाटेल. त्यांच्यातल्या कितीतरी जणांनी आपल्या गाडीची स्टेपनी आजवर पाहिलेलीही नसेल. म्हणून ठरवलं, की स्टेपनीचाच इतिहास लिहायचा. त्या इतिहासात माझी एक चूकही आहे. तीही लिहायची आहे.

शब्द आला कुठून?

‘स्टेपनी’ हा शब्द आपल्याकडे इतका रुळला आहे, की तो मराठीच वाटतो. पण इंग्लंड-अमेरिकेत जाऊन कुणाला स्टेपनी मागितली तर बहुतेकांना कळणार नाही. तिकडे ‘स्पेअर व्हील’ म्हणतात. हा शब्द मूळचा वेल्समधला. तिथे लानेली नावाच्या गावात स्टेपनी स्ट्रीट नावाचा रस्ता आहे. त्या रस्त्यावर थॉमस आणि वॉल्टर या डेव्हिस बंधूंचा लोखंडी सामानाचा व्यवसाय होता. १९०४ च्या सुमारास त्यांनी मोटारीसाठी जादा चाक काढलं आणि रस्त्याचंच नाव त्याला दिलं.

त्याआधी मोटारीत जादा चाक नसायचंच. चाक गाडीला कायमचं बसवलेलं असे. त्या काळी रस्त्यावर घोडागाड्यांची वर्दळ, घोड्यांच्या नालांचे खिळे जागोजागी पडलेले. पंक्चर झालं की रस्त्याच्या कडेला बसायचं, टायर पहारीसारख्या पट्ट्यांनी उचकटून काढायचा, ट्यूब चिकटवायची, परत टायर चढवायचा आणि हातपंपाने हवा भरायची. पाऊस असेल तर पावसात, अंधार असेल तर कंदील घेऊन. डेव्हिस बंधूंचं चाक आजच्या स्टेपनीसारखं नव्हतं. ते आरे नसलेलं गोल लोखंडी कडं होतं. त्यावर हवा भरलेला टायर तयार बसवलेला असे. पंक्चर झालेलं चाक काढायचंच नाही, त्याच्याच अंगाला हे कडं आवळून बसवायचं आणि निघायचं. कल्पना साधी होती, पण मोटार चालवणाऱ्याची धास्ती तिने कमी केली.

पुढे मोटारीचं आख्खं चाकच काढता-घालता येऊ लागलं, डेव्हिस बंधूंचं कडं मागे पडलं. नाव मात्र भारतात, बांगलादेशात आणि माल्टात टिकलं. ब्राझीलमध्ये लोक स्टेपनीला ‘एस्टेपे’ म्हणतात, तेही याच घराण्यातलं.

जादा चाक आलं आणि त्याच्याबरोबर ते चोरीला जायची भीती आली. हे चाक बाहेर लटकवलेलं असायचं, मडगार्डच्या खोबणीत नाहीतर मागच्या बाजूला. चातुर्याने काढून नेता येईल अशी मोटारीतली ती सर्वात महाग वस्तू. म्हणून १९२०-३० च्या काळातल्या मोटारींच्या स्टेपनीला चामडी पट्टे, पत्र्याची झाकणं आणि कुलपं दिसतात. म्हणजे आपल्या पार्किंगमधली साखळी आणि कुलूप ही काही आपल्या सोसायटीची शोधबुद्धी नव्हे. चांगली शंभर वर्षांची परंपरा आहे.

एक गोष्ट मला विशेष आवडली. दुसऱ्या महायुद्धात जपानने आग्नेय आशियातला रबराचा मुलूख घेतला आणि अमेरिकेत रबराची टंचाई झाली. जानेवारी १९४२ मध्ये तिथे टायरचं रेशनिंग सुरू झालं. खासगी मोटारीला पाचच टायर ठेवायची परवानगी होती, चार चालती चाकं आणि एक स्टेपनी. आणि प्रत्येक टायरवरचा नंबर सरकारी कागदावर लिहून द्यावा लागे. टायर कुलुपात ठेवा न ठेवा, त्याची नोंद मात्र पाहिजेच. ही नोंदीची गोष्ट लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

स्कूटरचे दिवस

आपली सोसायटी २००० साली रजिस्टर झाली, तेव्हा स्टिल्टखाली मोटारी मोजून सहा होत्या. बाकी सगळ्या स्कूटरी. पुणं हे त्या वेळी स्कूटरचंच शहर. आकुर्डीला तयार होणारी बजाज चेतक १९७२ साली बाजारात आली होती. महाराणा प्रतापांच्या घोड्याचं नाव तिला दिलेलं. एके काळी ती मिळायला वर्षानुवर्षं नंबर लावून बसावं लागे. आपल्यातल्या कितीतरी जणांनी लग्नाआधी नंबर लावला आणि पहिलं मूल शाळेत जायला लागल्यावर स्कूटर आणली.

चेतकची स्टेपनी मागच्या बाजूला उघड्यावर. रेक्झिनचं कव्हर घातलं की टेकायलाही छान. पुढचं आणि मागचं चाक एकाच मापाचं, त्यामुळे एक स्टेपनी दोन्हीकडे चाले. पान्हा घ्यायचा, गाडी कलती करायची, दहा मिनिटांत चाक बदलून ऑफिसला. अट एकच, स्टेपनीत हवा पाहिजे. ती बहुतेकांच्या स्टेपनीत नसायची. मग पार्किंगमध्ये हाक ऐकू यायची, ‘अहो, स्टेपनी देता का जरा? संध्याकाळी परत करतो.’ सगळ्यांची मापं सारखी असल्यामुळे कुणीही कुणाची स्टेपनी वापरे. शेजाऱ्याकडे विरजण मागावं इतक्या सहज.

पण जी वस्तू कुणालाही बसते, ती चोरालाही विकता येते. २००१ च्या दिवाळीत अर्धी सोसायटी गावाला गेली होती. भाऊबीजेनंतर लोक परतले तर तीन स्कूटरींच्या स्टेपन्या गायब. त्यातली एक माझी. चोरट्याने नट मात्र व्यवस्थित काढून फूटबोर्डवर ठेवले होते. माझी बायको म्हणाली, ‘निदान टापटीप तरी आहे माणसाला.’

मिनिट बुकात त्या महिन्याची सभा चार पानं आहे. वेगवेगळ्या सूचना आल्या. कुणी म्हणालं, सायकलची साखळी ओवून कुलूप लावा. कुणी तीन नटांपैकी एकाच्या जागी किल्लीचं कुलूप बसवून आणलं. शेवटी ‘ब’ विंगमधल्या एका आजोबांनी मांडलेली सूचना एकमताने मंजूर झाली, ती म्हणजे प्रत्येकाने आपल्या स्टेपनीच्या रिमवर ऑइलपेंटने फ्लॅट नंबर लिहावा. आजोबा रेल्वेतून निवृत्त झालेले. त्यांचं म्हणणं असं, की कुलूप चोराचा वेळ घेतं, पण नंबर त्याचं गिऱ्हाईक तोडतो. नंबर लिहिलेलं चाक विकताना त्याला आधी रंग खरवडत बसावं लागेल.

एका रविवारी सगळ्यांनी पांढरा रंग आणि ब्रश घेऊन हा कार्यक्रम केला. मुलांनी बहुतेकांच्या रिमवर फुलंही काढली. त्यानंतर दोन वर्षांत स्टेपनी चोरीला गेल्याची नोंद मिनिट बुकात नाही. रंगामुळे की त्याच सुमारास गेटवर लावलेल्या दिव्यामुळे, ते मी सांगू शकत नाही. रंगाचा एक फायदा मात्र नक्की झाला. ‘ब-१२’ची स्टेपनी ‘अ-३’च्या स्कूटरवर चार वर्षं फिरत होती, हे त्यामुळे उघडकीला आलं. उसनी घेतलेली, परत द्यायची राहिलेली. ‘ब-१२’वाल्यांनी मधल्या काळात ती चोरीला गेली असं धरून दुसरी विकतही घेतली होती! सगळे पोटभर हसले. त्या हसण्यातून मी काही शिकलो असतो तर बरं झालं असतं. न दिसणारी प्रत्येक वस्तू चोरीलाच गेलेली असते असं नाही.

गाड्या आल्या, स्टेपनी खाली गेली

हळूहळू स्कूटरी कमी झाल्या. २००१ च्या सुमारास होंडाची ॲक्टिव्हा आली, तिला स्टेपनी नव्हती. २००९ च्या अखेरीस बजाजने स्कूटर बनवणंच थांबवण्याचा निर्णय जाहीर केला. आपल्या पार्किंगमध्ये पिवळे पट्टे आखून मोटारींचे नंबर पडले.

मोटारींमध्ये स्टेपनीच्या जागा तीन. छोट्या गाड्यांमध्ये डिकीत, गालिच्याखाली. ती सर्वात सुरक्षित, डिकी उघडल्याशिवाय हात लागत नाही. दुसरी जागा मागच्या दारावर, बाहेर. मारुती जिप्सी, टाटा सफारी या गाड्यांची अशी. दिसायला रुबाबदार, पण सगळ्या जगाला दिसते. तिला एक खास नट मिळतो. त्याच्या डोक्यावर वेडावाकडा खाचा असतो आणि तो त्याच्याच जोडीच्या किल्लीने फिरतो. तिसरी जागा गाडीच्या पोटाखाली, मागच्या बाजूला. स्कॉर्पिओ, इनोव्हा, अर्टिगा अशा लांब गाड्यांमध्ये तिसरी रांग बसवायची, तर डिकीत चाकाला जागा उरत नाही. म्हणून चाक खाली टांगतात. आतमध्ये छोटा रहाट असतो. मागच्या बंपरजवळच्या भोकातून लांब दांडा घालून फिरवला की तार सुटत जाते आणि चाक विहिरीतल्या पोहऱ्यासारखं जमिनीवर उतरतं.

योजना चांगली, पण तिच्यात दोन अडचणी आहेत. एक म्हणजे ज्याला ही युक्ती माहीत आहे, तो चोरही काही मिनिटांत चाक उतरवतो किंवा सरळ तार कापतो. दुसरी अडचण अशी, की मालकाला ते चाक दिसतच नाही. वाकून पाहिल्याशिवाय ते आहे की नाही, हे कळत नाही. पाऊस, चिखल, खडी सगळं त्या तारेवर उडत राहतं आणि ती गंजते.

२०११ चा ठराव

२००८ साली मी एक सात आसनी गाडी घेतली. सेकंडहँड, २००३ सालची. पहिले मालक रत्नागिरीचे. समुद्राची खारी हवा गाडीच्या पोटाला काय करते, हे तेव्हा माझ्या डोक्यात आलं नाही.

मे २०११. मुलांच्या सुट्टीत आम्ही गुहागरला जाऊन आलो. आल्यानंतर साधारण दहा दिवसांनी, एका रविवारी सकाळी गाडी धुताना साबण खाली सांडला म्हणून वाकलो, तर स्टेपनीची जागा रिकामी. मी ओरडलोच, ‘चोरी झाली!’ अर्ध्या तासात पार्किंगमध्ये वीस माणसं जमली.

तेव्हा रात्रीचे वॉचमन म्हणून एक मामा होते. माणदेशातले, साठीच्या आसपासचे. त्यांचं नाव इथे देत नाही. जुन्या सभासदांना ते आठवतील. रात्री दोन वाजता जरी कुणी दवाखान्यात निघालं तरी गेट आधीच उघडलेलं असायचं, असा माणूस. सोसायटी त्यांना थेट पगार द्यायची. मी सेक्रेटरी होतो आणि गाडीही माझीच होती. खरं तर अशा वेळी सेक्रेटरीने बाजूला व्हायला हवं होतं. मी उलट पुढे झालो.

मामांना बोलावलं. ते म्हणाले, ‘साहेब, चाक काढायचं तर कुणाला तरी गाडीखाली शिरावं लागेल. मी रात्रभर हितंच बसलेला असतो. आवाज यायला पायजे.’ मग जरा थांबून त्यांनी विचारलं, ‘गाडी गावाहून आली तवा चाक होतं का?’

प्रश्न अगदी बरोबर होता. तिथे जमलेल्या वीस सुशिक्षित माणसांपैकी एकालाही तो सुचला नव्हता. मला तो उद्धटपणा वाटला. मी म्हणालो, ‘म्हणजे मी खोटं बोलतोय का?’ ते गप्प झाले. त्यांच्या गप्प राहण्याचाही आम्ही आमच्या सोयीचा अर्थ लावला.

त्याच आठवड्यातल्या कमिटीच्या सभेचं इतिवृत्त माझ्या समोर आहे. अक्षर माझंच. ‘रात्रपाळीच्या वॉचमनच्या निष्काळजीपणामुळे अ-७ यांच्या वाहनाची स्टेपनी चोरीस गेली. सबब त्यांच्या पगारातून रु. २,०००/- कापून सदर सभासदास द्यावेत. ठराव सर्वानुमते मंजूर.’ खाली चेअरमनांची सही, खजिनदारांची सही आणि सेक्रेटरी म्हणून माझी सही. ‘चोरीस गेली’ हे आम्ही कशावरून लिहिलं? पोलिसात तक्रारही दिली नव्हती. चाक शेवटचं कधी पाहिलं, हे मला कुणी विचारलं नाही आणि मीही स्वतःला विचारलं नाही. विचारलं असतं तर खरं उत्तर होतं, ‘आठवत नाही. बहुधा सहा महिन्यांपूर्वी.’

मामांनी कापलेला पगार घेतला, पुढच्या एक तारखेला काठी आणि शिट्टी ऑफिसात जमा केली आणि गेले. भांडले नाहीत. कुणाला काही बोललेही नाहीत.

खंडाळ्याचा मेकॅनिक

मी नवीन टायर आणि रिम घेतली. ज्याने ती बसवली, त्याला मीच आधी सांगितलं, ‘तार कापून चोरलीये.’ त्यानेही मान डोलावली आणि तारेच्या भानगडीत न पडता जाड साखळी आणि मोठं कुलूप लावून चाक खाली आवळून दिलं. मी निश्चिंत झालो.

जुलैमध्ये साताऱ्याला निघालो होतो. धो धो पाऊस. खंबाटकी घाट चढायच्या आधी, खंडाळ्याच्या पुढे, मागचं चाक बसलं. छत्री धरून खाली वाकलो आणि कुलुपात किल्ली घातली, तर ती फिरेना. दोन महिन्यांच्या चिखलपाण्यात कुलूप आतून गंजून गेलं होतं. माझी स्टेपनी चोरांपासून इतकी सुरक्षित होती, की मलाही मिळत नव्हती.

गावातून एक मेकॅनिक आला. तरुण पोरगा. गाडीखाली पोतं टाकून झोपला आणि हॅक्सॉने साखळी कापायला लागला. कापता कापता त्याने विचारलं, ‘साहेब, आधीचं चाक कुठं पडलं?’

मी म्हणालो, ‘पडलं नाही, चोरीला गेलं. तार कापली.’

तो म्हणाला, ‘नाही हो. ही कापलेली तार नाही. हात लावून बघा.’

त्याने टॉर्च धरला. रहाटाखाली तारेचं वीतभर टोक लोंबत होतं. ते केरसुणीसारखं फिसकारलेलं होतं. एक धागा लांब, एक आखूड, सगळे टोकाकडे बारीक होत गेलेले, तपकिरी. त्याने मग नुकती कापलेली साखळी माझ्यापुढे धरली. कापलेली जागा सपाट आणि चकचकीत. ‘कापलं की असं दिसतं,’ तो म्हणाला. ‘तार गंजून तुटली तुमची. खड्ड्यात दणका बसला असंल.’

आणि मला तो दणका आठवला. कुंभार्ली घाट उतरून चिपळूणकडे येताना गाडीच्या मागे मोठा आवाज झाला होता. बायको म्हणाली होती, ‘थांबवून बघा हो जरा.’ मी म्हणालो होतो, ‘खड्डा होता, काही नाही.’ मागच्या सीटवर मुलं झोपलेली होती. आमच्या मागे एखादा दुचाकीवाला असता तर? रस्त्यात उड्या मारत येणारं ते चाक त्याला दिसलंही नसतं. हा विचार आजही माझी झोप उडवतो.

घरी आल्यावर मी चेअरमनांना सगळं सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, ‘आता तो माणूस गेलाच आहे. परत विषय काढून काय उपयोग?’ आणि मी, सांगायला लाज वाटते, पण मला ते बरंच वाटलं. विषय निघाला नाही. ठराव वहीत तसाच राहिला.

दोन हजार रुपये

मामांचा एक भाचा आपल्या शेजारच्या इमारतीत गाड्या धुवायला यायचा. त्याच्याकडून पत्ता मिळवायला मला दीड वर्ष लागलं. पत्ता मिळायला नव्हे, विचारायचा धीर व्हायला. शेवटी दहिवडीच्या बाजूला त्यांच्या गावी गेलो. मामा शेळ्यांमागे गेले होते, तासभर बसलो. त्यांच्या घरच्यांनी चहा दिला. मी कोण, हे त्यांना माहीत होतं. तरी दिला.

मामा आले. मी तारेची गोष्ट सांगितली आणि पाकीट पुढे केलं. त्यात पाच हजार होते. त्यांनी नोटा मोजल्या, दोन हजार काढून घेतले आणि तीन हजार पाकिटात परत घालून माझ्या हातात दिले. म्हणाले, ‘माझं तेवढंच कापलं होतं.’ मी पुष्कळ आग्रह केला. त्यांनी ऐकलं नाही. निघताना फक्त एवढंच विचारलं, ‘वहीत लिवलं होतं न्हवं? ते खोडलं का?’

मी ‘हो’ म्हणालो नाही. ‘नाही’ म्हणायचीही हिंमत झाली नाही. ‘बघतो,’ म्हणालो.

आता काय?

इतिहास आता पुढे सरकला आहे. ट्यूबलेस टायर आल्यापासून खिळा लागला तरी हवा हळूहळू जाते, गाडी पंक्चरवाल्यापर्यंत पोहोचते. काही गाड्यांना आता बारीक, तात्पुरती स्टेपनी मिळते. तिच्यावर ताशी ८० किलोमीटरची मर्यादा छापलेली असते, ती पाळा. जुलै २०२० मध्ये केंद्र सरकारने नियम बदलला. टायरमधल्या हवेवर लक्ष ठेवणारी यंत्रणा आणि दुरुस्तीचं किट असेल, तर साडेतीन टनांपर्यंतच्या प्रवासी गाडीला स्टेपनी नसली तरी चालते. नवी विजेवरची चेतक २०२० मध्ये आली, तिच्या पाठीवरही ती गोल स्टेपनी नाही. पुढच्या स्मरणिकेत, सुवर्णमहोत्सवाच्या वेळी, ‘स्टेपनी म्हणजे काय’ यावर तळटीप द्यावी लागेल असं दिसतं.

पण आज आपल्या पार्किंगमध्ये पोटाखाली स्टेपनी असलेल्या गाड्या मी मोजल्या, त्या अकरा आहेत. मागच्या दारावर असलेल्या तीन. त्यांच्या मालकांसाठी अनुभवाचे चार शब्द.

दर तीन महिन्यांनी चाक खाली उतरवा. हवा भरा, तार पुसा, ग्रीस लावा आणि तारेचा एखादा धागा जरी तुटलेला दिसला तरी तार बदला. साखळी-कुलूप लावणार असाल तर पावसाळ्यात तोंड झाकलेलं कुलूप घ्या आणि महिन्यातून एकदा उघडून बघा. खास नटाची किल्ली घरच्या ड्रॉवरमध्ये नको, गाडीत ठेवा. ती नसेल तर हायवेवर मेकॅनिकही हात टेकतो. गाडी मागची बाजू भिंतीला लावून उभी करा, चोराला वाकायला जागा मिळत नाही. रिमवर फ्लॅट नंबर लिहा, आपल्या रेल्वेवाल्या आजोबांची आठवण म्हणून तरी. टायरच्या कडेला चार आकडे असतात. उदाहरणार्थ २३१८ म्हणजे २०१८ च्या तेविसाव्या आठवड्यात तयार झालेला टायर. ते आकडे आणि रिमचा फोटो मोबाइलमध्ये तारखेसह ठेवा. चाक खरंच चोरीला गेलं, तर पोलिसांना दाखवायला हीच नोंद कामाला येते. आणि लांबच्या प्रवासाहून परत आलात, की गाडीतून सामान काढण्याआधी एकदा वाकून खाली बघा. मी तेवढं जरी केलं असतं, तर हा लेख लिहायची वेळ आली नसती.

शेवटचं म्हणणं सगळ्या सभासदांपुढे मांडतो. येत्या वार्षिक सर्वसाधारण सभेसाठी मी सेक्रेटरींकडे एक अर्ज दिला आहे. २०११ चा तो ठराव चुकीच्या माहितीवर झाला, वॉचमन मामांचा त्यात काही दोष नव्हता आणि चूक त्या वेळच्या सेक्रेटरीची होती, अशी दुरुस्तीची नोंद मिनिट बुकात व्हावी, एवढीच विनंती आहे. मामा दोन वर्षांपूर्वी गेले. त्यांच्या भाच्याला मी नोंदीची एक प्रत नेऊन देणार आहे.

या विषयावर सभेत चर्चा फार लांबणार नाही अशी आशा आहे. पार्किंगचा विषय असल्यामुळे खात्री देत नाही.



— एक माजी सेक्रेटरी, अ-७